रेंज आहे पण नेट नाही: मोबाइल, टॅब आणि लॅपटॉपला नेट मिळवण्याच्या दुसऱ्या वाटा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पावसाळा लागला की कोकणात आणि घाटाखालच्या गावांत नेटच्या तक्रारी सुरू होतात. वीज जाते, झाड पडून केबल तुटते, टॉवरची बॅटरी उतरते. नेमकी त्याच दिवशी कुणाची ऑनलाइन परीक्षा असते, कुणाची कंपनीची मीटिंग, कुणाला पीकविम्याचा फॉर्म भरायचा असतो. अशा वेळी लोक घाईघाईत नवं काहीतरी विकत आणतात. बहुतेकदा त्याची गरज नसते. घरात आहे तेच नीट जोडलं की काम भागतं. म्हणून खाली फुकटात होणारे उपाय आधी घेतले आहेत आणि खर्चाचे नंतर.

नेट नेमकं कुठे अडलंय हे कसं ओळखायचं?

अडायच्या जागा तीनच: टॉवर ते फोन, फोनच्या आतली सेटिंग, आणि फोन ते लॅपटॉप किंवा टॅब. ज्या फोनात सिम आहे त्याचं वाय-फाय बंद करा आणि त्याच फोनवर, आधी कधी न उघडलेलं एखादं पान उघडून बघा. उघडलं, तर कंपनीचं नेट ठीक आहे आणि घोळ हॉटस्पॉटमध्ये किंवा लॅपटॉपमध्ये आहे. उघडलं नाही, तर हॉटस्पॉटचा पासवर्ड बदलत बसण्यात अर्थ नाही.

मग विमान मोड दहा-पंधरा सेकंद चालू ठेवून बंद करा. त्यानेही जमलं नाही, तर तेच सिम घरातल्या दुसऱ्या फोनात घाला. तिथे चाललं तर दोष पहिल्या फोनचा. तिथेही चाललं नाही आणि शेजाऱ्यांचं त्याच कंपनीचं सिमही बंद असेल, तर टॉवरच गेलेला आहे.

दोन गोष्टी हमखास नजरेतून सुटतात. पहिली तारीख आणि वेळ: बॅटरी पूर्ण उतरून सुरू झालेल्या जुन्या फोनात तारीख चुकते आणि मग सुरक्षित साइट उघडतच नाहीत. दुसरी 'प्रायव्हेट डीएनएस', म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या सर्व्हरची सेटिंग: जाहिराती अडवायला कुणीतरी तिथे पत्ता टाकून ठेवलेला असतो. तो सर्व्हर बंद पडला की रेंज, डेटा सगळं असूनही काही उघडत नाही. तिथे 'ऑटोमॅटिक' करा.

काड्या पूर्ण दिसतात, तरी काहीच उघडत नाही. असं का?

काड्या सिग्नलचा जोर दाखवतात. टॉवरवर गर्दी किती आहे ते त्यातून कळत नाही. गणपतीत चाकरमानी गावी आले की एकाच टॉवरवर कितीतरी जास्त फोन येतात; संध्याकाळी आरतीनंतर सगळे एकदम व्हिडिओ कॉल लावतात आणि नेट बसतं. तेव्हा तुमचा फोन बिघडलेला नसतो. मोठी डाउनलोड पहाटे करा. फोन ५जीवर असेल तर तात्पुरता ४जीवर आणून बघा, ४जीवर असेल तर उलट. कधी कधी दुसऱ्या बाजूला गर्दी कमी मिळते.

आधी रोजचा डेटा संपला आहे का तेही बघा. दिवसाचा कोटा संपल्यावर बऱ्याच प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्यात व्हॉट्सॲपचा मजकूर जातो, पण फोटो आणि साइट अडकतात. लोकांना वाटतं रेंज गेली.

सिग्नल खरोखर किती आहे ते आकड्यात बघता येतं. अँड्रॉइडमध्ये बहुतेक फोनांत सेटिंग्ज, अबाउट फोन, सिम स्टेटस या वाटेने 'सिग्नल स्ट्रेंग्थ' सापडते. तिथे उणे चिन्हासह डीबीएममध्ये (सिग्नलच्या जोराचं माप) आकडा असतो. ४जीत उणे ८५-९०च्या आसपास असेल तर उत्तम, उणे १०५ला काम चालतं, उणे ११५च्या पुढे गेलं की तुटक. हा आकडा बघत घरभर फिरा. जांभ्या दगडाच्या जाड भिंतींत आणि पत्र्याच्या छपराखाली सिग्नल पडतो. तोच फोन पडवीत, नाहीतर माळ्यावरच्या खिडकीत नेला की आकडा दहा-पंधराने सुधारतो. दहाचा फरक म्हणजे दहापट सिग्नल. हा फेरफटका मारल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नये, असं आमचं ठाम मत आहे.

नवीन सिम घातलं, कॉल लागतो, पण डेटा चालत नाही.

बहुधा एपीएन, म्हणजे फोनला कंपनीच्या नेटशी जोडणारी सेटिंग. सिम घातल्यावर ही सेटिंग आपोआप यायला हवी, पण बाहेरून आणलेल्या किंवा जुन्या फोनात येत नाही. मोबाइल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये 'ॲक्सेस पॉइंट नेम्स' उघडून नवं एपीएन करा. जिओसाठी 'जिओनेट', बीएसएनएलसाठी 'बीएसएनएलनेट', एअरटेलसाठी 'एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम'. हे सगळं इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहायचं. बाकीचे रकाने तसेच राहू द्या. सेव्ह करा, यादीत त्याच्यासमोरचा गोल निवडा (हा शेवटचा टप्पा पुष्कळजण विसरतात) आणि फोन एकदा बंद-चालू करा.

हॉटस्पॉट चालू केला, पण लॅपटॉपवर त्याचं नावच दिसत नाही.

जवळजवळ नेहमी हा ५ गिगाहर्ट्झचा प्रश्न असतो. वाय-फाय २.४ किंवा ५ गिगाहर्ट्झच्या बँडवर, म्हणजे लहरींच्या पट्ट्यावर चालतं; याचा ५जीशी संबंध नाही. नवे फोन हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर सोडतात आणि जुन्या लॅपटॉपला, स्वस्त टॅबला, स्मार्ट बल्बला फक्त २.४ समजतं. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड २.४ करा, आयफोनमध्ये 'मॅक्सिमाइज कंपॅटिबिलिटी' चालू करा. जाड भिंतीपलीकडे पोचायलाही २.४च बरं.

आयफोनचं नाव दिसत नसेल तर पर्सनल हॉटस्पॉटचं पान उघडं ठेवूनच दुसऱ्या बाजूने जोडा. अँड्रॉइडमध्ये कुणी जोडलेलं नसेल तर हॉटस्पॉट काही मिनिटांनी आपोआप बंद होतो. तो पर्याय बंद करता येतो.

नाव दिसतं पण जोडत नाही, अशी तक्रार असेल तर हॉटस्पॉटच्या पासवर्डची सुरक्षा पद्धत डब्ल्यूपीए३ वरून जुन्या डब्ल्यूपीए२ वर आणा. हॉटस्पॉटचं नाव साधं ठेवा, इमोजी आणि अवतरणचिन्हं नकोत. जोडतं पण नेट येत नाही, तर फोनमधला डेटा सेव्हर आणि बॅटरी सेव्हर बंद करा.

मीटिंग चालू असताना कॉल आला की नेट तुटतं. मुलगी घरून काम करते, तिला हे परवडत नाही.

याला दोन कारणं असतात आणि दोन्ही सेटिंगने सुटतात. एक, व्होल्टी, म्हणजे ४जीवरूनच कॉल करायची सोय, बंद आहे. मग कॉल येताच फोन ४जी सोडून २जीवर उतरतो आणि कॉल संपेपर्यंत डेटा थांबतो. सिमच्या सेटिंगमध्ये व्होल्टी चालू करा.

दोन, फोनात दोन सिम आहेत. डेटा एका सिमवर आणि कॉल आला दुसऱ्यावर, की पुष्कळ फोनांत पहिल्याचा डेटा थांबतो. सेटिंगमध्ये 'डेटा ड्युरिंग कॉल्स' किंवा तशाच नावाचा पर्याय असतो. तो चालू केला की कॉलपुरता डेटा दुसऱ्या सिमवर जातो, अर्थात त्या सिमवर डेटाचा प्लॅन असला तर. रोज घरून काम असेल तर कामाचं सिम वेगळ्या फोनात ठेवणं सगळ्यात बरं.

केबलने नेट घेता येतं म्हणतात, ते कसं?

येतं, आणि ही सोय लोक फार कमी वापरतात. चार्जिंगची केबल फोनला आणि लॅपटॉपला लावा, हॉटस्पॉटच्याच पानावर 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. पासवर्ड लागत नाही, शेजारच्या वाय-फायची ढवळाढवळ नाही, आणि फोन लॅपटॉपवरून चार्जही होत राहतो. नेट मुळात कमजोर असेल तेव्हा वाय-फायचा मधला टप्पा गाळल्याने मीटिंग स्थिर चालते.

'यूएसबी टेदरिंग' हा पर्याय पुसट दिसत असेल तर आधी केबल बदला. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या पुष्कळ केबल फक्त चार्जिंगच्या असतात; त्यांच्यात डेटाच्या तारा नसतातच. फोनसोबत आलेली केबल वापरा. विंडोज लॅपटॉप अँड्रॉइड फोन सहसा आपोआप ओळखतो. आयफोन जोडायचा तर लॅपटॉपवर आयट्यून्स किंवा ॲपलचं डिव्हाइसेस ॲप असावं लागतं आणि फोनवर 'ट्रस्ट' दाबावं लागतं. मॅकला जुन्या पद्धतीचं अँड्रॉइड टेदरिंग समजत नाही, तिथे वाय-फायच वापरा.

ब्लूटूथवरून?

चालतं, पण वेग जेमतेम एक-दोन एमबीपीएस. ईमेल, फॉर्म, यूपीआय होतं, व्हिडिओ विसरा. हॉटस्पॉटपेक्षा बॅटरी कमी खातं, म्हणून वीज नसताना कामाचं. आधी दोन्ही उपकरणांची जोडी जुळवा, मग 'ब्लूटूथ टेदरिंग' चालू करा.

घरात फक्त एका खिडकीत रेंज येते. सगळ्यांनी तिथेच बसायचं का?

एक जुना ४जी फोन शोधा. स्क्रीनला तडा गेलेला, कॅमेरा मेलेला असला तरी चालेल. त्यात सिम घाला, खिडकीत ठेवा, हॉटस्पॉट २.४ वर लावा आणि बाकीचे फोन त्याला जोडा. कमजोर सिग्नल त्या एका फोनने पकडायचा, घरातल्यांनी त्याचं वाय-फाय घ्यायचं.

बॅटरीची काळजी मात्र घ्या. फोन दिवसरात्र चार्जरला राहिला, वर हॉटस्पॉट चालू आणि खिडकीतलं ऊन, तर बॅटरी फुगते. पाठीचं कव्हर काढा, थेट उन्हात आणि पावसाच्या झडीत ठेवू नका, रात्री चार्जर काढा. पाठ फुगलेली दिसली की तो फोन त्याच दिवशी बाजूला करा.

जुनं डोंगल पडलंय, ते चालेल का?

३जीचं असेल तर त्यावर वेळ घालवू नका. एअरटेलने देशभरातलं ३जी २०२० सालीच बंद केलं आणि जिओकडे २जी-३जी कधीच नव्हतं. ४जीचं डोंगल किंवा खिशातलं छोटं राउटर असेल, तर आधी ते एकाच कंपनीला बांधलेलं आहे का ते बघा.

नवं घ्यायचंच असेल तर सिम घालता येणारं, कंपनीला न बांधलेलं आणि बाहेरच्या अँटेनाची सॉकेट असलेलं ४जी राउटर घ्या. छपरावर टॉवरच्या दिशेने अँटेना लावली की आडरानातल्या घरातही फरक पडतो. बँड तपासून घ्या: गावाकडे लांब पोचणारे बँड म्हणजे ७००, ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झचे. २३०० चा सिग्नल पावसाळ्यात भिजलेल्या झाडोऱ्यातून फार पुढे जात नाही. बीएसएनएलचं स्वदेशी ४जी ७०० आणि २१०० वर चालतं, म्हणून ७०० न समजणाऱ्या जुन्या राउटरात बीएसएनएलचं सिम निरुपयोगी वाटू शकतं.

सिग्नल बूस्टर ऑनलाइन मिळतो. घेऊ का?

घेऊ नका. खाजगी व्यक्तीने परवानगीशिवाय मोबाइल बूस्टर किंवा रिपीटर लावणं भारतात बेकायदा आहे. दूरसंचार खातं धाडी टाकून ही यंत्रं जप्त करतं. कायदा बाजूला ठेवला तरी नुकसान खरं आहे: हलक्या दर्जाचा बूस्टर टॉवरकडे गोंगाट पाठवतो आणि आख्ख्या वाडीचे कॉल तुटायला लागतात. तुमच्या घरात दोन काड्या वाढतील आणि शेजारच्या आजारी माणसाला ॲम्ब्युलन्सचा फोन लागणार नाही. वर सांगितलेलं अँटेनाचं राउटर वेगळं. ते सिमच्या फोनसारखंच काम करतं, सिग्नल वाढवून पुन्हा हवेत सोडत नाही.

घरात फायबर आहे, पण वीज गेली की नेट जातं. आणि घरात मोबाइलची रेंजही नाही.

फायबरला स्वतःला वीज लागत नाही, दोन्ही टोकांच्या यंत्रांना लागते. तुमच्या टोकाला फायबरचा डबा आणि राउटर असतो. कधी दोन्ही एकातच असतात. बहुतेक १२ व्होल्टवर चालतात, त्यासाठी छोटा राउटर-यूपीएस मिळतो. ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून मगच घ्या. दुसऱ्या टोकाला केबलवाल्याची बॅटरी किती टिकते ते त्यालाच विचारा. ती अर्ध्या तासात उतरत असेल तर तुमचा यूपीएस चार तासांचा असून उपयोग नाही.

मोबाइलची रेंज नसेल तर फोनमध्ये 'वाय-फाय कॉलिंग' चालू करा. एअरटेलने ते डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये आणलं. कॉल नेहमीच्याच नंबरावरून, ब्रॉडबँडवरून जातो. वेगळं ॲप लागत नाही आणि बऱ्याचदा बँकेचे ओटीपीही येतात. पुण्या-मुंबईत मुलं आणि गावी एकटे आईवडील, अशा घरात ही सेटिंग आजच करून ठेवा.

होस्टेलवर फक्त लॅनची वायर आहे. फोनला नेट कसं द्यायचं?

लॅपटॉप असेल तर विंडोजमधला 'मोबाइल हॉटस्पॉट' चालू करा आणि 'शेअर फ्रॉम'मध्ये इथरनेट निवडा. लॅपटॉप नसेल तर टाइप-सीचं लॅन ॲडॉप्टर घ्या, फोनला लावा आणि वायर त्यात खोचा. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींना हे समजतं. खरंच त्याच वाटेने नेट येतंय का हे बघायला विमान मोड चालू करून एखादं पान उघडा. काही अँड्रॉइड फोनांत आधी ओटीजी (फोनला दुसरं उपकरण जोडायची सोय) चालू करावं लागतं.

स्टेशनवरचं वाय-फाय जोडलं, पण लॉगिनचं पानच येत नाही.

रेल्वे स्थानकांवरचं मोफत वाय-फाय रेलटेल ही रेल्वेची कंपनी चालवतं. सुरुवात जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलला झाली, आता ते सहा हजारांहून जास्त स्थानकांवर आहे. रोज पहिला अर्धा तास फुकट, पुढे पैसे. ओटीपी एसएमएसने येतो, म्हणून मोबाइलला किमान कॉलपुरती रेंज हवी.

पान येत नसेल तर व्हीपीएन बंद करा, प्रायव्हेट डीएनएस बंद करा, आणि थोडा वेळ मोबाइल डेटाही बंद करा, कारण फोन गुपचूप डेटावरून नेट घेत राहतो आणि लॉगिनचं पान मागतच नाही. मग वाय-फायच्या नावावर दाबून 'साइन इन' येतंय का बघा. अशा उघड्या वाय-फायवर बँकेचं काम करू नका.

गावात किंवा बाजारपेठेत पीएम-वाणीचं वाय-फायही असू शकतं. या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये मंजुरी दिली. किराणावाला, चहावाला, कुणीही परवाना न काढता आपल्या ब्रॉडबँडवरून स्वस्तात वाय-फाय विकू शकतो. गावच्या नाक्यावर दुकान असेल तर याची चौकशी जरूर करा. मुलांच्या अभ्यासाची मोठी सोय होते.

वादळात आपल्या कंपनीचा टॉवर पडला तर दुसऱ्या कंपनीचा वापरता येतो का?

सरकारने आदेश दिला तर येतो. त्याला इंट्रा सर्कल रोमिंग म्हणतात, म्हणजे आपल्याच सर्कलमध्ये (दूरसंचारच्या सेवाक्षेत्रात) दुसऱ्या कंपनीचं नेटवर्क वापरणं. जून २०२३ मध्ये गुजरातेत बिपरजॉय वादळाच्या वेळी ही सोय सुरू केली होती. तुम्ही एवढंच करायचं: नेटवर्क निवड 'ऑटोमॅटिक'वर आणि डेटा रोमिंग चालू ठेवायचं. फोनने स्वतःहून नेटवर्क पकडलं नाही तर हाताने यादी काढून एकेक नाव दाबून बघायचं. महाराष्ट्र आणि गोवा हे दूरसंचारचं एकच सर्कल आहे, मुंबईचं वेगळं.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकलं, तेव्हा रायगड आणि दापोली-मंडणगड भागातल्या कितीतरी गावांत वीज आणि फोन दोन्ही बराच काळ बंद होते. मुंबईतल्या लोकांना घरच्यांची खबर मिळेना. वादळाचा इशारा आला की पॉवर बँक भरा, गावाचा नकाशा गुगल मॅप्समध्ये ऑफलाइन उतरवा, आणि महत्त्वाचे नंबर कागदावर लिहून ठेवा.

दुसरं सिम घ्यायचं तर कुठल्या कंपनीचं?

तुमच्या पहिल्या सिमच्या कंपनीचं सोडून. एकाच कंपनीची दोन सिमं घेतली तर टॉवर गेल्यावर दोन्ही एकदम जातात. कंपन्यांना आता आपल्या संकेतस्थळावर कव्हरेजचा नकाशा द्यावा लागतो. त्यात आपली वाडी शोधा, पण विश्वास पाहुण्याच्या फोनवर ठेवा. ज्याच्याकडे त्या कंपनीचं सिम आहे त्याला तुमच्या मागच्या खोलीत बसवून डीबीएम बघा.

सिम बदलून घेतलं किंवा ई-सिम केलं की पहिले २४ तास एसएमएस बंद असतात, म्हणजे ओटीपी येत नाही. परीक्षेच्या किंवा फी भरायच्या आदल्या दिवशी हे करू नका. ई-सिमसाठी कुणी फोन करून ओटीपी किंवा क्यूआर मागितला तर तो चोर समजा.

हॉटस्पॉटवर लॅपटॉप लावला की डेटा तासाभरात संपतो.

विंडोजचं अपडेट तो डेटा खाऊन टाकतं. त्या वाय-फायच्या गुणधर्मांत 'मीटर्ड कनेक्शन' (मोजून मिळणारं नेट) चालू करा. क्लाउडवर फोटो चढवणारी ॲप थांबवा. आयफोन-आयपॅडमध्ये 'लो डेटा मोड' आहे.

नेट अजिबात नाही आणि दुकानदाराला पैसे द्यायचेत.

बँकेत नोंदवलेल्या नंबरवरून *९९# डायल करा. व्यवहाराची मर्यादा ५,००० रुपये. यासाठी यूपीआय पिन आधीच केलेला असावा. ही सोय जुन्या २जी पद्धतीच्या सेवेवर चालते, म्हणून सगळ्या सिमांवर मिळत नाही. आज नेट चालू असतानाच एकदा शिल्लक तपासून बघा. दुसरा पर्याय म्हणजे साध्या कॉलवरून चालणारं यूपीआय १२३पे.

सगळं करून पाहिलं, टॉवरचाच दोष आहे. तक्रार कुठे करायची?

त्याच कंपनीच्या सिमवरून १९८ लावा आणि तक्रारीचा डॉकेट नंबर लिहून घ्या. 'नेट चालत नाही' एवढंच सांगितलं तर उत्तर मिळतं, फोन बंद-चालू करा. म्हणून तारीख, वेळ, वाडीचं नाव, डीबीएमचा आकडा आणि त्याच कंपनीच्या आणखी दोन-तीन शेजाऱ्यांचे नंबर द्या. वाडीतल्या सगळ्यांनी वेगवेगळी तक्रार केली तर जास्त लक्ष जातं. निकाल पटला नाही तर ३० दिवसांत कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक, एकेकट्या ग्राहकाच्या तक्रारी हाताळत नाही.

नव्या नियमांप्रमाणे जिल्हा पातळीवर सेवा २४ तासांपेक्षा जास्त बंद राहिली, तर पोस्टपेडला भाड्यात सूट आणि प्रीपेडला वाढीव मुदत मिळते, पण नैसर्गिक आपत्ती यातून वगळली आहे. कंपनी बदलायची झाली तर 'पोर्ट' असं इंग्रजीत लिहून, एक जागा सोडून आपला नंबर टाका आणि १९०० वर पाठवा. येणारा कोड चार दिवस चालतो, तेवढ्यात नव्या कंपनीच्या दुकानात जा.